बोगद्याच्या तोंडाशी

भुताची गोष्ट दुसऱ्यांदा ऐकण्यात राम नाही, असे पुष्कळ जण म्हणतात आणि बहुतेक गोष्टींच्या बाबतीत ते खरेही आहे. पांढऱ्या लुगड्यातली बाई एकदा पिंपळावरून उतरली, की दुसऱ्या खेपेस तिची भीती ती काय वाटणार? परंतु बीबीसीने २२ डिसेंबर १९७६ रोजी दाखविलेले 'द सिग्नलमन' हे छोटेसे दूरचित्रवाणी-नाट्य मी दुसऱ्यांदा पाहिले, तेव्हा पहिल्याहून अधिक अस्वस्थ झालो.

मूळ गोष्ट चार्ल्स डिकन्सची. इंग्लंडात नाताळच्या दिवसांत शेगडीभोवती बसून भुताखेतांच्या गोष्टी सांगण्याची जुनी चाल आहे. डिकन्स आपल्या साप्ताहिकाचा खास नाताळ अंक काढीत असे, आणि १८६६ च्या अंकात ही गोष्ट आली. (आपल्याकडे का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. सणाला ताटाशेजारी अंक हवाच, ही हौस दोन्हीकडची!) नाट्यरूपांतर अँड्र्यू डेव्हीस यांचे, दिग्दर्शन लॉरेन्स गॉर्डन क्लार्क यांचे.

डोंगर कापून केलेल्या खोल, ओलसर खिंडीत रुळांच्या कडेला एक चौकी आणि शेजारी बोगद्याचे काळे तोंड. तेथे सिग्नलवाला एकटा. एक प्रवासी वरून त्याला हाक मारतो आणि मग खाली उतरून त्याच्याशी ओळख करून घेतो. सिग्नलवाला सांगतो, की बोगद्यापाशी त्याला एक आकृती दिसते. तिचा एक हात तोंडावर असतो आणि दुसरा 'बाजूला हो' असा हलत असतो. ती प्रथम दिसली आणि काही तासांतच भीषण अपघात झाला. पुन्हा दिसली, तेव्हा गाडीतील एक तरुणी मरण पावली. आता ती तिसऱ्यांदा दिसू लागली आहे. या खेपेचा बळी तो स्वतःच असतो.

पहिल्या वेळी आपले सारे लक्ष त्या आकृतीकडे. दुसऱ्या वेळी डेनहॉल्म एलियट या नटाच्या चेहऱ्यावरून नजर हलत नाही. घंटी वाजलेली नसताना त्याचे डोळे तिच्याकडे वळतात! आणि सुरुवातीची ती हाक! मावळतीचे ऊन डोळ्यांवर येते म्हणून प्रवाशाने हात आडवा धरलेला आहे, हे डिकन्सने लिहून ठेवले आहे. शेवट ठाऊक असला, की त्या साध्या हाकेनेच अंगावर काटा येतो.

त्याची खरी कोंडी मात्र भुताहून कठीण आहे. तारायंत्र हाताशी आहे, 'धोका' एवढे कळविता येईल. पण वरिष्ठ विचारतील, कसला धोका, कोठे? याला उत्तर नाही. कळविले तर वेडा ठरून नोकरी जाणार, न कळविले तर माणसे मरणार. रात्रपाळी केलेल्या कोणालाही हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

ही कोंडी काही हवेतून आली नव्हती. २५ ऑगस्ट १८६१ रोजी ब्रायटनजवळच्या क्लेटन बोगद्यात दोन गाड्यांची टक्कर होऊन २३ माणसे ठार आणि १७६ जखमी झाली. सिग्नल नीट चालला नाही, तारेवरील उत्तराचा अर्थ चुकला, आणि बोगद्यात एक गाडी उभी असतानाच मागच्या गाडीला वाट मोकळी असल्याचा बावटा दाखविला गेला. तो बावटा दाखविणारा सिग्नलवाला त्या दिवशी सलग २४ तासांच्या पाळीवर होता. कशासाठी, तर आठवड्यातून एक पुरा दिवस सुटी मिळावी म्हणून! अभ्यासक या गोष्टीच्या मुळाशी हा अपघात पाहतात, आणि मला ते पटते.

दुसरा अपघात तर डिकन्सच्या स्वतःच्या वाट्याला आला. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्ट येथे पुलाच्या दुरुस्तीसाठी रूळ काढलेले होते. मुकादमाने वेळापत्रक चुकीचे वाचले होते आणि तांबडा बावटा घेतलेला माणूस १००० यार्डांऐवजी ५५४ यार्डांवरच उभा होता. गाडी कोसळून दहा जण गेले. डिकन्सचा डबा पुलावर लोंबकळत राहिला. तो बाहेर पडला, टोपीत पाणी भरून जखमींना पाजीत हिंडला, आणि मग पुन्हा डब्यात शिरून त्याने आपल्या चालू कादंबरीचे हस्तलिखित काढून आणले. पुढे आगगाडीत बसताना त्याला कापरे भरे. त्याचा मृत्यू झाला ९ जून १८७० रोजी, बरोबर पाच वर्षांनी, त्याच तारखेला.