जास्त गिगाहर्ट्झ म्हणजे जास्त फास्ट कॉम्प्युटर? इंटेल-एएमडीच्या लढाईत हा समज कसा मोडला?

ऑक्टोबर २००४. अमेरिकेतल्या ऑरलँडो शहरात आयटी क्षेत्रातल्या बड्या मंडळींची परिषद भरली होती. व्यासपीठावर होते इंटेलचे तेव्हाचे सीईओ क्रेग बॅरेट. बोलता बोलता ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा विषय निघाला आणि बॅरेट चक्क गुडघ्यांवर बसले. हा प्रोसेसर आणण्याचं कंपनीने जाहीर केलं होतं, मग तारीख पुढे ढकलली आणि शेवटी तो रद्दच केला. त्याबद्दल त्यांनी भर सभेत, थोडं गमतीत का होईना, माफी मागितली.

गाडी ३.८ गिगाहर्ट्झवरच अडली. जगातल्या सगळ्यात मोठ्या चिप कंपनीला उरलेले ०.२ का जमले नाहीत? आणि त्याच काळात एएमडीचे २ ते २.४ गिगाहर्ट्झचे प्रोसेसर तिच्या ३ गिगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरना गेममध्ये मागे कसे टाकत होते?

गिगाहर्ट्झ नेमकं काय सांगतं?

प्रोसेसरच्या आत एक ठोका सतत पडत असतो आणि सगळं काम त्या ठोक्यावर चालतं. १ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. पण एका ठोक्यात किती काम उरकतं, हे गिगाहर्ट्झ सांगत नाही. चालणाऱ्या माणसाचं तसंच असतं. पावलं किती झपाझप पडतात एवढ्यावर अंतर ठरत नाही, ढांग केवढी आहे हेही बघावं लागतं.

ही ढांग ठरते आर्किटेक्चरवरून, म्हणजे प्रोसेसरची आतली रचना कशी आहे त्यावरून. खोक्यावर ती छापलेली नसते. गिगाहर्ट्झ मात्र मोठ्या अक्षरात असतं.

२००० साली तर हा आकडा म्हणजे इज्जतीचा प्रश्न झाला होता. ६ मार्चला एएमडीने १ गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन जाहीर केला आणि दोनच दिवसांत इंटेलने १ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ पुढे केला. जुलैअखेर इंटेलने घाईघाईत १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ आणला, पण तो नीट चालत नव्हता. महिन्याभरातच बाजारातून परत घ्यावा लागला. जुनी रचना फार ताणता येणार नाही हे दिसतच होतं. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला पेंटियम ४ आला. त्याच्या रचनेचं नाव होतं नेटबर्स्ट.

स्लॅबवरची घमेली

नेटबर्स्टचा भर होता लांबलचक पाइपलाइनवर. ही भानगड समजायला स्लॅबचं काम डोळ्यांसमोर आणा. खालपासून वरपर्यंत माणसं ओळीने उभी असतात आणि मालाची घमेली हातोहात वर जातात. १० माणसांच्या जागी २० उभी केली, तर प्रत्येकाला निम्म्याच अंतरावर घमेलं द्यायचं असतं. साहजिकच हात जास्त वेगाने चालतात आणि वर घमेली भराभर पोचतात. पेंटियम ३ मध्ये अशा साधारण १० टप्प्यांची ओळ होती, पेंटियम ४ मध्ये २० टप्प्यांची. ठोका वाढवता आला तो यामुळे.

आता यातली अडचण. कोणताही प्रोग्राम 'असं असेल तर हे कर, नसेल तर ते कर' अशा फाट्यांनी भरलेला असतो. उत्तर येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर अख्खी ओळ रिकामी उभी राहील. म्हणून प्रोसेसर अंदाज बांधतो आणि पुढचं काम आधीच ओळीत सोडतो. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. पण चुकला, की वर नको असलेला माल निघाला असं होतं. ओळीतली सगळी घमेली ओतून द्यायची आणि खालून पुन्हा भरायला घ्यायचं. ओळ जितकी लांब, तितका तोटा मोठा.

अ‍ॅथलॉनची रचना याच्या उलट होती. ओळ छोटी, साधारण १० टप्प्यांची, पण एका ठोक्यात बरंच काम उरकण्याची तयारी. सतत लागणारा डेटा हाताशी ठेवणारी पहिल्या पातळीची कॅश मेमरी अ‍ॅथलॉनमध्ये ६४ किलोबाइट होती. पहिल्या पेंटियम ४ मध्ये फक्त ८.

परिणाम लगेच दिसला. १.५ गिगाहर्ट्झचा नवाकोरा पेंटियम ४ बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये १.२ गिगाहर्ट्झच्या अ‍ॅथलॉनच्या मागे पडला. काही ठिकाणी तर घरच्याच १ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ३ ने त्याला हरवलं. मात्र व्हिडिओ एन्कोडिंगसारख्या कामात, जिथे फाटे कमी आणि एकाच प्रकारचा भरपूर डेटा सरळ वाहत असतो, तिथे त्याचा वेग खरोखर चांगला होता.

दुकानात मात्र १.५ हा आकडा १.२ पेक्षा मोठाच दिसणार. एएमडीने ऑक्टोबर २००१ मध्ये यावर तोडगा काढला आणि खोक्यावर गिगाहर्ट्झ छापणंच मागे टाकलं. 'अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+' प्रत्यक्षात १.५३ गिगाहर्ट्झवर चालायचा. १८०० चा अर्थ ग्राहकाने काय घ्यायचा हे कंपनीला पुरतं ठाऊक होतं! तेव्हा मार्केटिंगची चलाखी एकाच बाजूला होती असं समजायचं कारण नाही.

वेग वाढला, पण उष्णतेचं काय?

इंटेलचा डाव फसलाच होता असंही नाही. जानेवारी २००२ मध्ये पेंटियम ४ ची सुधारित आवृत्ती आली आणि नोव्हेंबरपर्यंत तिने ३ गिगाहर्ट्झ ओलांडले. त्या वर्षभरात अ‍ॅथलॉनची खरोखर दमछाक झाली. ठोका पुरेसा वाढला तर छोटी ढांगही चालते, हे इंटेलने दाखवून दिलं. पुढे १० गिगाहर्ट्झपर्यंत जाण्याची भाषाही कंपनी करत होती.

फेब्रुवारी २००४ मध्ये ९० नॅनोमीटर तंत्रावर बनलेला प्रेस्कॉट आला. पाइपलाइन आता ३१ टप्प्यांची! ट्रान्झिस्टर लहान झाले की वीज कमी लागते, हा तोवरचा अनुभव. इथे उलटं झालं. इतक्या लहान ट्रान्झिस्टरमधून बंद अवस्थेतही वीज गळत होती. त्यात ठोका वाढवायचा तर बहुधा व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा वापर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ३.८ गिगाहर्ट्झच्या मॉडेलचा आकडा ११५ वॅटवर गेला. ४ गिगाहर्ट्झची वाट अडली ती इथे.

एएमडीने त्याआधीच, सप्टेंबर २००३ मध्ये, अ‍ॅथलॉन ६४ आणला होता. तोपर्यंत रॅमशी बोलायला प्रोसेसरला मदरबोर्डवरच्या दुसऱ्या चिपमार्फत जावं लागायचं. एएमडीने ते नियंत्रण थेट प्रोसेसरमध्येच बसवलं, त्यामुळे डेटासाठी ताटकळणं कमी झालं. शिवाय जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालवणारी ६४-बिटची सोय दिली. ती इंटेललाही स्वीकारावी लागली. आज इंटेलच्या प्रोसेसरवर लिनक्स टाकायचं असलं, तरी बऱ्याचदा डाउनलोड होणाऱ्या फाइलच्या नावात 'एएमडी६४' असतं, ते यामुळेच.

एवढं असूनही दुकानं पेंटियमनेच भरलेली होती. इंटेल कॉम्प्युटर कंपन्यांवर दबाव आणते, असा आरोप करत एएमडी २००५ मध्ये कोर्टात गेली. २००९ मध्ये इंटेलने एएमडीला १.२५ अब्ज डॉलर देऊन वाद मिटवला. सुरुवातीच्या पेंटियम ४ चा वेग चाचण्यांमध्ये फुगवून दाखवला, असा आरोप ग्राहकांच्या वेगळ्या खटल्यात झाला होता. इंटेलने तो मान्य केला नाही, पण २०१४ मध्ये तडजोड म्हणून अमेरिकेतल्या त्या काळच्या ग्राहकांना १५ डॉलर देऊ केले.

इंटेलने कूस बदलली

उत्तर इंटेलच्या घरातच होतं. इस्रायलमधल्या हैफा इथल्या टीमने लॅपटॉपसाठी पेंटियम एम बनवला होता. त्याचा उगम जुन्या पेंटियम ३ च्या घराण्यातला. त्याच विचारातून २७ जुलै २००६ ला डेस्कटॉपवर कोअर २ ड्युओ आला. १४ टप्प्यांची पाइपलाइन आणि लांब ढांग. त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा, ६५ वॅटचा ई६६०० हा प्रोसेसर इंटेलच्याच ३.७३ गिगाहर्ट्झ आणि १३० वॅटच्या सर्वात महागड्या पेंटियमला बहुतेक चाचण्यांमध्ये भारी पडला. एएमडीला किमती झपाट्याने उतरवाव्या लागल्या.

गंमत म्हणजे पुढची चूक एएमडीने केली. २०११ च्या बुलडोझर रचनेत दोन-दोन कोअरमध्ये काही महत्त्वाचे भाग सामाईक ठेवले आणि भर दिला जास्त ठोका, जास्त कोअर यांवर. '८ कोअर'चा एफएक्स-८१५० गेममध्ये इंटेलच्या ४ कोअरच्या आय५-२५००के पुढे फिका पडला. हे खरे ८ कोअर आहेत का, यावरही खटला झाला आणि २०१९ मध्ये एएमडीने १.२१ कोटी डॉलरची तडजोड केली. आधी लोक गिगाहर्ट्झला भुलत होते, आता कोअरच्या संख्येला.

२ मार्च २०१७ ला आलेल्या रायझनपासून एएमडी पुन्हा ढांगेकडे वळली. खरे ८ कोअर असलेला रायझन ७ १८००एक्स ४९९ डॉलरला मिळत होता. इंटेलचा ८ कोअरचा प्रोसेसर तेव्हा हजार डॉलरच्या वर होता.

मग आज तुलना कशी करायची?

गिगाहर्ट्झचा आकडा एकाच पिढीतल्या, एकाच रचनेच्या दोन प्रोसेसरसाठी बऱ्यापैकी कामाचा आहे. कंपनी किंवा पिढी बदलली की तो बाजूला ठेवावा आणि आपण जे सॉफ्टवेअर वापरणार त्याच्याच चाचण्या शोधाव्यात. त्याही कंपनीच्या नाही, दोन-तीन स्वतंत्र परीक्षणांतल्या. सोबत वॅटचा आकडा बघावा, कारण कूलर आणि पॉवर सप्लायचा खर्च त्यावर ठरतो.

सॉफ्टवेअरप्रमाणे निकाल किती फिरतो, याचं चांगलं उदाहरण म्हणजे २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी. भाऊबंद ५८००एक्सचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ, याचा ४.५. पण याच्यावर जादा कॅश मेमरीचा थर चढवलेला, त्यामुळे ३२ ऐवजी ९६ मेगाबाइट. बऱ्याच गेममध्ये कमी गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर सरळ पुढे निघून जातो. थ्रीडी रेंडरिंगला बसवलं की मात्र जुना, स्वस्त ५८००एक्स त्याला थोडं मागे टाकतो.