विलो रन शालेय जिल्हा : युद्धकालीन कारखाना-वसाहतीतील शिक्षणव्यवस्थेचा उदय आणि अस्त

प्रस्तावना

अमेरिकेत शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक संस्थेला ‘शालेय जिल्हा’ म्हणतात. महसुली जिल्ह्याशी तिचा संबंध नसतो. आपल्याकडे जिल्हा परिषद, जिल्हा पंचायत किंवा नगरपालिका इतर अनेक कामांबरोबर शाळाही पाहते. शालेय जिल्हा मात्र केवळ शाळांसाठीच असतो. त्याचे मंडळ बहुतेक ठिकाणी मतदार निवडून देतात, आणि त्याचा खर्च दीर्घकाळ मुख्यत्वे हद्दीतील मालमत्ता करातून भागत आला. त्यामुळे हद्दीत मोठा कारखाना असणे वा नसणे यावर तेथील शाळांचे भवितव्य अवलंबून राही. मिशिगन राज्यातील विलो रन हे याचे ठळक उदाहरण होय. दुसऱ्या महायुद्धातील विमान-कारखान्याच्या वसाहतीतून हा शालेय जिल्हा आकाराला आला आणि तेथील कारखाना बंद झाल्यावर तीन वर्षांच्या आत त्याचे स्वतंत्र अस्तित्व संपले. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा आढावा घेतला आहे.

कारखाना आणि वसाहत

डेट्रॉइट शहराच्या पश्चिमेला सुमारे ५० किलोमीटरवर इप्सिलँटी हे छोटे गाव आहे. १९४० मध्ये त्याची लोकसंख्या १२ हजारांच्या आसपास होती. त्याच्या शेजारी, हेन्री फोर्ड यांच्या शेतजमिनीवर, १९४१ मध्ये फोर्ड कंपनीने बी-२४ बॉम्बफेकी विमानांचा कारखाना उभारण्यास सुरुवात केली. आराखडा आल्बर्ट कान या वास्तुविशारदाचा होता. १९४३ मध्ये कामगारांची संख्या ४० हजारांच्या वर गेली. त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. १९४४ मध्ये येथे जवळजवळ तासाला एक विमान तयार होत असे. १९४५ पर्यंत एकूण ८,६८५ विमाने तयार झाली.

केंटकी, टेनेसी आदी दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या कामगारांना राहायला मात्र घरे नव्हती. अनेक कुटुंबे तंबूंत आणि चाकांच्या घरांत राहिली. मोटार कामगार संघटनेने कायमस्वरूपी शहर वसवण्याची मागणी केली. फोर्ड कंपनी व स्थानिक जमीनमालकांनी तिला विरोध केला. अखेर १९४३ मध्ये केंद्र सरकारने सुमारे १५ हजार लोकांसाठी तात्पुरती वसाहत बांधली. तिचे नाव विलो व्हिलेज. युद्धकाळात या वसाहतीत काळ्या कामगारांना जागा दिली गेली नाही. त्यांच्यासाठी इप्सिलँटीत पार्करिज होम्स ही वेगळी घरे बांधण्यात आली. घरे वेगळी झाली की वस्ती वेगळी होते आणि मुलांच्या शाळाही बहुधा वेगळ्या पडतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

शाळांचा प्रश्न

कारखाना येण्यापूर्वी या ग्रामीण भागात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी लहान शाळा होत्या. दोन-तीन वर्षांत तेथे हजारो मुले येऊन दाखल झाली. मुले आली, पण त्यांच्यामागे कर आला नाही. त्यांचे आईवडील सरकारी मालकीच्या भाड्याच्या घरांत राहत, आणि अशा घरांवर नेहमीचा मालमत्ता कर लागत नसे. छोट्या ग्रामीण शालेय जिल्ह्यांना हा भार पेलणे शक्य नव्हते. अशा वस्त्यांसाठी केंद्र सरकारने लॅनहॅम कायद्याखाली शाळा व पाळणाघरे यांना अनुदान दिले. शिक्षण हा राज्यांचा व स्थानिक संस्थांचा विषय मानणाऱ्या देशात ही मोठी घटना होती. विलो रनच्या शाळा या मदतीवर उभ्या राहिल्या. कारखान्याची आठवण शाळेच्या अंगावरही राहिली. पुढे विलो रन हायस्कूलच्या खेळाडूंना ‘फ्लायर्स’ म्हणजे उडणारे असे नाव पडले.

युद्धानंतर

युद्ध संपले तेव्हा वसाहत रिकामी होईल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात मिशिगन विद्यापीठाने सैन्यातून परतलेल्या विद्यार्थ्यांची सोय येथेच केली. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना उच्च शिक्षणाची दारे उघडली होती. कारखान्यात प्रथम कायझर-फ्रेझर कंपनीने मोटारी बनवल्या. १९५३ पासून जनरल मोटर्सने स्वयंचलित गिअरबॉक्सचे उत्पादन सुरू केले. पुढील अर्धशतक या कारखान्याचा कर आणि रोजगार हाच शालेय जिल्ह्याचा मोठा आधार होता.

कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकांना एक गोष्ट विशेष वाटेल. १९६५ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या वॉशटेनॉ कम्युनिटी कॉलेजचे पहिले वर्ग १९६६ मध्ये विलो रन परिसरातील तात्पुरत्या जागांतच भरले. कामगारांची वस्ती केवळ प्राथमिक शाळेवर थांबली नाही. तिने महाविद्यालयालाही पहिले छप्पर दिले.

अस्त

१९९४ मध्ये मिशिगनने शाळांच्या खर्चाची पद्धत बदलली. मालमत्ता करावरील भार कमी करून विक्रीकर वाढवण्यात आला आणि राज्य दर विद्यार्थ्यामागे अनुदान देऊ लागले. सधन व निर्धन जिल्ह्यांतील अंतर कमी करणे हा हेतू होता. परंतु अनुदान विद्यार्थ्याबरोबर जाऊ लागल्याने पट घटला की उत्पन्नही घटे. इमारती, वाहने व शिक्षकांचा खर्च मात्र त्या प्रमाणात कमी होत नसे. दुसऱ्या जिल्ह्यातील शाळा निवडण्याची मुभा आणि चार्टर शाळा यांमुळेही मुले बाहेर गेली. २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत निघाली आणि २०१० मध्ये विलो रनचा कारखाना बंद झाला. शालेय जिल्हा तोट्यात होता, शेजारचा इप्सिलँटी जिल्हाही तोट्यात होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये दोन्हीकडच्या मतदारांनी एकत्रीकरणाला संमती दिली. १ जुलै २०१३ रोजी नवा संयुक्त जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर कारखान्याचा बहुतेक भाग पाडण्यात आला. थोडा भाग विमान संग्रहालयासाठी राखण्यात आला.

निष्कर्ष

या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, कारखाना उभारताना घर आणि शाळा यांचा विचार मागाहून केला तर त्याची किंमत मुलांना मोजावी लागते. दुसरी, शाळेचा आधार एकाच उद्योगावर ठेवणे धोक्याचे असते. केवळ अनुदानाचे सूत्र बदलून हा धोका टळत नाही, कारण रोजगार गेला की कुटुंबे जातात आणि त्यांच्याबरोबर पटही जातो. तिसरी, वसाहत तात्पुरती म्हणून बांधली तरी तेथे वाढणारी पिढी तात्पुरती नसते.

खातेगाव ज्या देवास जिल्ह्यात आहे, तेथील शिक्षकांना हा विषय परका नाही. देवासची बँक नोट प्रेस १९७४ पासून सुरू आहे आणि तिच्या परिसरात केंद्रीय विद्यालय चालते. केंद्रीय विद्यालयांची योजनाच मुळी १९६०च्या दशकात, बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या मुलांसाठी आखली गेली. येथे शाळेचा खर्च कारखान्याच्या करावर नव्हे, तर देशाच्या तिजोरीवर अवलंबून आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. मात्र कारखान्याच्या फाटकाबाहेर राहणाऱ्या कंत्राटी मजुरांची व हातावर पोट असणाऱ्यांची मुले अशा व्यवस्थेत कितपत सामावली जातात, हा प्रश्न उरतोच. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे याच वर्गात मोडतात. औद्योगिक वस्त्यांतील जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे जतन करून त्यांचा अभ्यास केल्यास त्याचे उत्तर मिळू शकेल. विलो रनची शाळा गेली. तिची नोंद राहिली म्हणूनच आज तिच्यापासून शिकता येते.