गोळीचा सोडा

आमच्या बाजारात सोड्याच्या दोन गाड्या लागत. एकाचं पाणी गोड्या विहिरीचं, पण त्याच्याकडं पत्र्याच्या बुचाच्या मोठ्या बाटल्या. सोडा ग्लासात ओतून देई. दुसऱ्याचं पाणी मचूळ, पण सोडा गोळीच्या बाटलीतला. साधा बरा की लिंबाचा, यावर लोक वाद घालत. आबा एवढंच विचारत, "गोळीचा हाय का?"

आम्ही गावकुसाबाहेरचे. हॉटेलात आमची कपबशी वेगळी, तसा या गाडीवर ग्लासही वेगळा.

गोळीची बाटली मूळची विलायतेतली. हायरम कॉड नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1872 साली तिचं पेटंट घेतलं. बाटली उलटी धरून भरायची, मग गॅसच्या दाबानंच काचेची गोळी गळ्यातल्या रबरी चकतीला घट्ट बसते. बूच लागत नाही. पुढं पत्र्याच्या बुचानं तिला तिकडं मागं सारलं, आपल्याकडं मात्र ती टिकली. कॉडला गॅस कोंडायचा होता, बाकी त्याच्या ध्यानीमनीही नसणार.

अंगठ्यानं गोळी दाबायची, फस्स आवाज झाला की ती मानेच्या खाचेत अडकवायची आणि बाटली थेट तोंडाला. रिकामी बाटली त्याच पेटीत जाई; धुऊन, भरून पुढच्या बाजारी कुणाच्याही हातात. आमच्यासाठी वेगळ्या बाटल्या ठेवायच्या तर गाडीवाल्याला खर्च परवडला नसता, बाटली महाग! पाटलाच्या पोराच्या तोंडाला कुठली लागली, ते कोण बघतंय?

मचूळ पाण्यावर आबा चिमूटभर मीठ टाकत. फेस उसळून हातावर येई.