एका होडीतले दोन प्रतिस्पर्धी

एडिनबरोच्या उत्तरेला किन्रॉस नावाचं लहानसं गाव आहे आणि गावाला लागूनच लॉख लेव्हन हे सुमारे तेरा चौरस किलोमीटरचं तळं. १५६७ मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीला याच तळ्यातल्या बेटावरच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं. पुढच्या वर्षी २ मे रोजी ती होडीतून निसटली. गरी टाकून मासे पकडणाऱ्यांना मात्र हे तळं वेगळ्याच कारणासाठी पूजनीय आहे. पिसांची नकली माशी टाकून ट्राउट मासा गरवण्याच्या स्पर्धेला इथे घाट मिळाला.

त्याचं मूळ तळ्याच्या उथळपणात आहे. सरासरी खोली जेमतेम चार मीटर. १८३० च्या सुमारास, खालच्या नदीकाठच्या गिरण्यांना हुकमी पाणी मिळावं म्हणून तळ्याची पातळी दीड मीटरच्या आसपास उतरवली गेली आणि तळ्याच्या विस्ताराचा जवळपास चौथा हिस्सा कोरडी जमीन झाला. उरलेल्या पाण्यात सूर्यप्रकाश दूरवर तळापर्यंत पोचतो, वनस्पती वाढतात, त्यांवर गोगलगायी आणि किडे पोसले जातात. अशा खाण्यावर वाढलेला इथला ट्राउट इतका चंदेरी नि चविष्ट, की त्याला बराच काळ स्वतंत्र जात मानलं जाई.

पूर्वी हा मासा जाळ्यानं धरून विकला जाई. १८६० च्या सुमारास किन्रॉसला रेल्वे आली आणि शहरांतले हौशी लोक गरीच्या काठ्या घेऊन येऊ लागले. गरवणाऱ्यांना होड्या भाड्यानं देणं जाळ्यापेक्षा किफायतशीर ठरलं. १८८० मध्ये स्कॉटलंडभरच्या क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा याच तळ्यावर भरली.

या खेळात गांडूळ नाही, शिशाचं वजनही नाही. गरीवर रेशीम, लोकर, पिसं गुंडाळून किड्याचा भास निर्माण करायचा. माशीला स्वतःचं वजन जवळजवळ नसतंच, म्हणून जाड दोरीच्या वजनावर ती लांब फेकायची. किलिन गावच्या पीटर रॉस या दुकानदारानं बदल करून घडवलेली माशी आजही त्याच्याच नावानं ओळखली जाते. ‘डंकेल्ड’सारख्या माश्यांवर जे चकचकीत ठिपक्यांचं पीस बांधतात, ते राखी रानकोंबड्याच्या मानेवरचं. हा पक्षी आपल्या सह्याद्रीतला. त्या पिसांसाठी त्याची बेसुमार शिकार झाली. आज भारतीय कायदा त्याला संरक्षण देतो.

स्पर्धेची खरी गंमत होडीत आहे. चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरतात आणि दोन प्रतिस्पर्धी दिवसभर एकाच होडीत बसतात, एक पुढच्या टोकाला, दुसरा मागच्या. नावाडी होडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेतो, आडवी करतो आणि वाऱ्यावर सोडून देतो. दोघेही वाऱ्याच्या दिशेनं माश्या फेकतात. प्रत्येकानं आपापल्या अर्ध्या पाण्यात टाकायचं, शेजाऱ्याच्या हद्दीत नाही. आपल्याला मासा लागला तर शेजाऱ्यानं दोरी आवरून जागा द्यायची; त्याला लागला की आपण. जिंकायचं आहे त्याच माणसाची सोय बघत बसायचं, हा शिष्टाचार उथळ पाणी, वारा आणि एवढीशी होडी यांतून जन्मला. इंग्लंडमध्ये १९६६ साली ग्राफम जलाशय मासेमारीला खुला झाला, पुढे रटलंडचं धरण झालं, तेव्हा तिथल्या स्पर्धांनीही हीच पद्धत उचलली. तिला ‘लॉख स्टाइल’, म्हणजे तळ्याची पद्धत, म्हणतात.

इथला मासाही दूरदेशी गेला. स्टर्लिंगजवळच्या हॉविटन मत्स्यबीज केंद्रात सर जेम्स मेटलंड यांनी लॉख लेव्हनचे मासे वाढवले. ‘द फिशेस ऑफ इंडिया’ लिहिणारे मद्रास सैन्याचे शल्यचिकित्सक फ्रान्सिस डे यांनीही तिथे अभ्यास केला. याच डे यांनी त्याआधी, १८६० च्या दशकात, निलगिरीत ट्राउट रुजवायचा प्रयत्न केला होता. तो फसला. काश्मीरमध्ये मात्र १९०० साली स्कॉटलंडहून आलेला ट्राउट तगला आणि त्याची पैदास तिथल्या नद्यांत पसरली.

ज्या उथळपणानं तळ्याला वैभव दिलं, त्यानंच ते हिरावलंही. लोकरीच्या गिरणीचं सांडपाणी, गटारं, शेतांतली खतं यांतून फॉस्फरस साचत गेला आणि उबदार, कमी खोल पाण्यात नीलहरित शेवाळ माजलं. १३ जून १९९२ या दिवसाला किन्रॉसमध्ये ‘स्कम सॅटर्डे’, म्हणजे घाणीचा शनिवार, म्हणतात. त्या दिवशी सारं तळं हिरव्या साईनं झाकलं गेलं. पर्यटन आणि मासेमारी दोन्ही कोलमडली. ट्राउटची उणीव भरून काढायला १९९३ पासून इंद्रधनुषी ट्राउट सोडले गेले, पण तो उपाय पुढे थांबवण्यात आला.

त्यापेक्षा मूळ दुखण्यावर काम झालं, ते महत्त्वाचं. गिरणीचा फॉस्फरस १९८० च्या दशकाच्या अखेरीस थांबला होता, सांडपाणी शुद्धीकरण सुधारलं, शेत आणि ओढा यांच्यामध्ये मोकळे पट्टे सोडले गेले. तळाशी मुळं धरणाऱ्या वनस्पती पूर्वीपेक्षा खोलवर पसरल्या. आज इथे तळ्यातच वाढलेले तपकिरी ट्राउट गरवले जातात, आणि हातात आलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याकडे कल वाढतो आहे. एकेकाळी पकडीची वजनं मोजणाऱ्या क्लबांना आता पाण्यातल्या फॉस्फरसचे आकडेही तितक्याच आस्थेनं पाहावे लागतात.