मण्यार चावली तरी दुखत का नाही?

मराठीत मण्यार, बडोद्याकडे गुजरातीत काळोतरो. साप तोच. बहुतेक वेळा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दातांची खूण बारीक, सूज नाही, दुखणंही फारसं नाही. ‘मुंगी असेल’ म्हणत माणूस पुन्हा झोपतो. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. उपचार नसेल तर श्वास बंद पडतो.

याचं कारण प्रयोगशाळेत उलगडलं. १९६३ मध्ये तैवानच्या चांग आणि ली या शास्त्रज्ञांनी तिकडच्या मण्यारीच्या विषातले घटक वेगळे केले. नसेच्या टोकाकडून ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटलं की स्नायू हलतो. विषातला अल्फा घटक ते रसायन घेणारी स्नायूवरची जागा अडवतो. बीटा घटक नसेचं टोकच निकामी करतो.

नागाच्या विषात अल्फासारखे घटक मुख्य. म्हणून तिथे निओस्टिग्मिन इंजेक्शनचा अनेकदा उपयोग होतो. आपल्याकडच्या मण्यारीत बीटाचा जोर, त्यामुळे त्याचा भरवसा नाही. प्रतिविष रक्तातलं विष पकडतं, बिघडलेली नस दुरुस्त करत नाही. ती सावरेपर्यंत व्हेंटिलेटर लागू शकतो. श्वास टिकवला तर माणूस बरा होतो.

म्हणून नुसता संशय आला तरी दुखायची वाट बघू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. गुजरात असो, महाराष्ट्र वा कर्नाटक, १०८ ला फोन करा. आणि खाली झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.