शिळेवरचे दोन आकडे

सातारा, रत्नागिरी, रायगड (पूर्वीचा कुलाबा) या बाजूच्या जुन्या गावांतून हिंडताना चावडीच्या भिंतीत किंवा देवळाच्या आवारात बसविलेली एक लहानशी दगडी पाटी अधूनमधून दृष्टीस पडते. तीवरील इंग्रजी मजकूर एकाच साच्याचा असतो : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. लढाई १९१८ साली थांबली, पण तह पुढच्या वर्षी झाला, म्हणून शेवटचे साल १९१९. पाटीवर मृतांची नावे नाहीत. गावाचे नावही नाही, कारण 'या गावातून' एवढ्याने सरकारचे काम भागत होते. उद्या ही शिळा उपटून कोणी दुसऱ्या तालुक्यात नेली, तर ती मूळची कोठली हे ओळखण्यास त्या दोन आकड्यांवाचून दुसरी खूण उरणार नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने, ज्याला लोक आजही 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात, त्या युद्धात ४६ माणसे गमावली. एका खेड्याच्या मानाने हा आकडा केवढा, हे त्या गावच्या उंबरठ्यांनाच ठाऊक.

आपल्याकडचे वीरगळही बहुतांशी मूकच आहेत, हे मला मान्य आहे. तळाच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला वीर आणि कधी त्याने सोडविलेली गुरे, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, एवढ्यावर सगळा वृत्तान्त संपतो. परंतु तेथे एका माणसासाठी एक दगड उभा राहतो, त्या दगडावर त्याचा देह कोरलेला असतो, आणि अक्षरओळख नसलेल्या त्याच्या आईलाही तो वाचता येतो.

कंपनी सरकारच्या आमदानीतील स्मारकाकडे वळले, की अधिकच विस्मय वाटतो. १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ भीमेच्या काठी, पेरणे गावच्या हद्दीत उभा आहे. २६ मार्च १८२१ रोजी त्याची पायाभरणी झाली. चौरस चौथऱ्यावरून निमुळता होत गेलेला सुमारे ६० फुटांचा तो स्तंभ घडणीने परका आहे, आणि त्यावरचा गौरव जेत्याने आपल्या फौजेचा केलेला आहे. तरीही तेथील मजकूर इंग्रजीबरोबर मराठीतही कोरला गेला, आणि कामी आलेल्या एतद्देशीय शिपायांची नावे एकेक करून दगडावर आली. त्यांतली 'नाक' प्रत्ययाची २२ नावे महार शिपायांची आहेत. ज्यांना गावच्या वेशीच्या आत मोकळेपणी वावरण्याचीही मुभा नव्हती, त्यांची नावे येथे उघड्या आभाळाखाली कोरली गेली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले, ते यामुळेच.

मग शंभर वर्षांत नावे कोठे गेली? याचे उत्तर बसऱ्याच्या स्मारकावर आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचे मोठे रक्त सांडले ते इराकच्या वाळूत. १०३ आणि ११० या क्रमांकांच्या पलटणी कुत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी अन्नावाचून हतबल झालेल्या सैन्यासह शत्रूच्या हाती सापडल्या. त्या मोहिमेत ज्यांना थडगे अथवा चितेची जागाही लाभली नाही, अशांसाठी १९२९ साली बसऱ्यास स्मारक उघडले गेले. त्यावर गोऱ्या सोल्जरांची नावे आहेत, हिंदी सुभेदार-जमादारांचीही आहेत. शिपाई, नाईक, हवालदार मात्र पलटणीच्या नावापुढे निव्वळ संख्येने मांडले आहेत. फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर हिंदी शिपायांचीही नावे आहेत, म्हणजे दगड अपुरा पडला असे म्हणण्यास जागा नाही.

माहितीही अपुरी नव्हती. युद्धस्मारकांच्या आयोगाने बसऱ्यास नुसत्या संख्येने मांडलेल्या याच शिपायांच्या छापील याद्या केल्या, आणि त्यांत एकेका शिपायापुढे त्याचा नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळांच्या बाबतीत बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा, असा तपशील नोंदला गेला.