बोटीवरचं रात्रीचं जेवण आणि नेसायचं काय?



मागच्या महिन्यात आपल्या एका गटातल्या ताईंचा फोन आला. त्यांचा धाकटा मुलगा परदेशी प्रवासी बोटीवर, स्वयंपाकघरात कामाला आहे. कामगारांच्या घरच्यांना तिकिटात सवलत मिळते, म्हणून त्यानं आईवडिलांना सात रात्रींच्या सफरीला बोलावलंय. बोटीच्या कागदावर लिहिलंय, दोन संध्याकाळी मोठ्या भोजनगृहात 'फॉर्मल' पोशाख हवा. मुलगा म्हणतो, आई गाऊन शिवून घे. गाऊन म्हणजे आपण घरात घालतो तो नव्हे बरं का, पायघोळ मेजवानीचा झगा! वडील म्हणतात, मी कोटबीट घालणार नाही, मी येतच नाही. आणि ताई म्हणाल्या, "लुगड्यावर जेवायला बसू देतील का हो? उगाच पोराची मान खाली नको जायला."

हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नाही. कपड्यापायी माणूस घरी बसतो, हे आपण पुष्कळदा पाहिलंय. म्हणून आज बघू या, हा नियम आला कुठून, तो कुणासाठी होता, आणि आपल्या माणसांनी त्याचं काय केलं.

१८६९ साली सुएझचा कालवा सुरू झाला आणि मुंबईहून विलायतेला थेट बोटीनं जाणं आफ्रिकेला वळसा न घालता जमू लागलं. तरी दोन-तीन आठवडे बोटीवर काढावे लागत. बोटीत वर्ग असत. पहिल्या वर्गात साहेब आणि त्यांच्या मडमा, दुसऱ्यात त्याखालचे, आणि सर्वांत खाली किंवा उघड्या डेकवर गरीब. पहिल्या वर्गात रात्रीच्या जेवणाला कपडे बदलून यायचं, ही साहेबाच्या घरातलीच रीत होती, ती बोटीवर आली. पुरुषांना काळा कोट, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि गळ्याला बो. बायकांना लांब झगे आणि हातमोजे. दिवसभरात मडमा तीन-चार वेळा कपडे बदलत. त्यासाठी ट्रंकाच्या ट्रंका लागत. ट्रंकेवर चिठ्ठी चिकटवत, 'प्रवासात लागणार' किंवा 'प्रवासात लागणार नाही'. न लागणारी खाली तळघरात जाई.

त्या कडक नियमातही एक सूट होती. पहिल्या आणि शेवटच्या रात्री कपडे बदलायची सक्ती नसे, कारण पहिल्या रात्री सामान उघडलेलं नसे आणि शेवटच्या रात्री बांधून झालेलं असे. म्हणजे अडचण समजून घेणारा नियम होता तो. मात्र समजून घ्यायची ती आपल्या बरोबरीच्या माणसांची अडचण.

आणखी एक गंमत सांगते. या मेजवानीच्या पोशाखात पुरुष कमरेला एक रुंद रेशमी पट्टा बांधतात. तो आपला कमरबंद! हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना उकाड्यात कोटाच्या आतलं जाकीट सोसवेना, म्हणून त्यांनी इथला कमरबंद उचलला. आज जगभर तो इंग्रजी पोशाख म्हणून मिरवतो. तेव्हा 'हा त्यांचा आणि हा आपला' अशी रेघ कपड्यात वाटते तेवढी पक्की नसते.

आता आपल्या माणसांकडे येऊ. १८८८ साली सप्टेंबरमध्ये मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मुंबईहून विलायतेला निघाला. आत्मकथेत त्यांनी लिहून ठेवलंय, की काटा-सुरी कशी धरायची ठाऊक नाही, कुठल्या पदार्थात मांस आहे हे विचारायचा धीर नाही, म्हणून ते भोजनगृहात जातच नसत. घरून आणलेली मिठाई आणि फळं खोलीत बसून खात. बोटीवर काळे कपडे घातले आणि पांढरा फ्लॅनेलचा सूट मुद्दाम उतरताना घालायला जपून ठेवला, चांगला दिसेल म्हणून. उतरले तर पांढऱ्या कपड्यातले ते एकटेच! सामान किल्ल्यांसकट एजंटाकडे गेलेलं, दुसरा दिवस रविवार, म्हणजे बदलायचीही सोय नाही. शरमेनं जीव अर्धा झाला.

हेच गांधी १९३१ साली गोलमेज परिषदेला बोटीनं गेले, तेव्हा अंगावर पंचा आणि चादर होती. त्याच वेषात ते राजाकडे चहालाही गेले. दोन्ही वेळा ते चारचौघांहून वेगळेच दिसत होते. पहिल्या वेळी चूक झाली म्हणून, दुसऱ्या वेळी ठरवलं म्हणून. पण मैत्रिणींनो, गांधींच्या मागे तेव्हा सारा देश उभा होता. आपल्यासारखीला मागे कुणी नसताना निभवायचं असतं. म्हणून मला जास्त जवळची वाटते ती आनंदीबाई जोशी.

आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसली. वय अठरा. नवरा बरोबर नाही. सोबतीला एक मिशनरी बाई. जाण्यापूर्वी श्रीरामपूरला भर सभेत तिनं सांगितलं होतं, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. ४ जूनला ती न्यूयॉर्कला उतरली, ती लुगडं नेसूनच. पण अमेरिकेतल्या थंडीत वेगळीच अडचण आली. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. मग तिनं गुजराती पद्धतीनं, पाय झाकतील अशी साडी नेसायला सुरुवात केली. गोऱ्यांचा झगा घातला नाही आणि थंडीत कुडकुडतही बसली नाही. तरी यावरून बोलणी खावी लागली ती घरच्यांचीच. नवऱ्याला ते रुचलं नाही, पत्रांतून वाद झाले. १८८६ साली ती डॉक्टर झाली, आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, आपल्याला सोडून गेली.

मला यात मोलाचं वाटतं ते असं, की तिच्यावर दोन्हीकडून नियम होते. तिकडचे म्हणत, आमच्यासारखी राहा. इकडचे म्हणत, होतीस तशीच राहा, टाचभरही बदलू नकोस. तिनं दोघांचंही पूर्ण ऐकलं नाही. अंगाला काय सोसतं आणि मनाला काय पटतं, ते बघून तिचं तिनं ठरवलं.

आता या नियमाची काळी बाजूही सांगायला हवी. १९१२ साली टायटॅनिक बोट बुडाली, हे तुम्ही सिनेमात पाहिलं असेल. बुडायच्या आधी त्या रविवारी रात्री पहिल्या वर्गात उत्तम पोशाखात मेजवान्या झाल्या होत्या. तिसऱ्या वर्गाचे जिने, दारं, जेवणखाण सगळं वेगळं. बोट बुडाली तेव्हा पहिल्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या बायका वाचल्या. तिसऱ्या वर्गातल्या निम्म्यासुद्धा वाचल्या नाहीत. कपड्यांनी त्यांना बुडवलं असं मी म्हणत नाही. पण कोण कुठल्या दारातून जाणार हे आधीच ठरवणारी जी व्यवस्था होती, तिचीच जेवणाच्या टेबलावरची खूण म्हणजे तो पोशाख.

आणि त्या टेबलावर वाढायला कोण असे? विलायतेला जाणाऱ्या मोठ्या बोटींवर वाढपी आणि स्वयंपाकी पुष्कळ करून गोव्याचे असत. डेकवरच्या खलाशांत आपले कोकणातले, रत्नागिरीकडचे लोक असत. गोव्यात बोटीवरच्या नोकरदाराला 'तारवटी' म्हणतात. एका बोटीवरून उतरून दुसरी मिळेपर्यंत हे लोक मुंबईत आपापल्या गावच्या क्लबात, म्हणजे 'कूड'मध्ये, ट्रंक टाकून राहत. साहेबाच्या शर्टाला सुरकुती चालत नसे, पण ती घालवायला हात लागत ते आपले. त्यांनाही पोशाख होता, स्वच्छ पांढरा गणवेश. पण तो घालून त्या टेबलावर बसता येत नसे, नुसतं उभं राहता येई. आणि इकडे गावात त्यांच्या बायका मनिऑर्डरीची वाट पाहत घर, शेत आणि पोरं सांभाळत. बोटीच्या इतिहासात त्यांचं नाव कुठं येत नाही.

पुढे विमानं आली, प्रवासी बोटी ओस पडल्या. मग कंपन्यांनी बोट म्हणजे सहल असं रूप दिलं. आता वर्गाची दारं पूर्वीसारखी नाहीत. काही कंपन्यांनी २००० सालच्या सुमारास पोशाखाचा नियम जवळजवळ सोडून दिला. काही जुन्या कंपन्यांनी सात रात्रींत एक-दोन रात्री तो ठेवलाय, कारण नटण्याची हौस असलेली माणसं त्यासाठीच येतात. बोटीवरचा फोटोवाला त्याच रात्री फोटो काढून विकतो. ज्याला कोट नको त्याच्यासाठी त्याच बोटीत दुसरीकडे साध्या कपड्यात जेवायची सोय असते. आणि मेजवानीच्या रात्री आपल्या देशाचा चांगला पोशाख चालतो, असं अनेक कंपन्या स्वतःच सांगतात.

तर ताईंना मी काय सांगितलं? गाऊन शिवू नका. अंगवळणी नसलेल्या झग्यात दोन तास अवघडून बसाल आणि पैसे जातील ते वेगळे. लेकीच्या लग्नात नेसलात तीच रेशमी साडी न्या. काकांना धुवट पांढरा सदरा, धोतर किंवा पायजमा आणि वर बंद गळ्याचा कोट पुरे. आधी मुलाकडून कंपनीला विचारून घ्या, उत्तर लिहून मागा, म्हणजे दारात हुज्जत नको. चपला मात्र चांगल्या न्या, डेक ओला असतो.

नियम पाळावा की नाही, याचं माझं उत्तर असं. आपणही व्याह्यांच्या दारी जाताना ठेवणीतलं नेसतोच. यजमानाचा आणि पंगतीचा मान राखायला नियम असेल तर आनंदानं पाळावा, आपल्या पद्धतीनं पाळावा. पण जो नियम माणसाला कमी लेखायला, कर्ज काढायला किंवा घरी बसायला लावतो, त्याच्यापुढे वाकू नये. आणि हे बोटीलाच लागू आहे असं नाही. हळदीकुंकवाला कुणाची साडी जुनी म्हणून, कुणाच्या कपाळाला कुंकू नाही म्हणून आपण डोळ्यांनी दारं लावतो का, तेही बघू या. आपल्या गटाच्या बैठकीला भारी साडी नाही म्हणून न येणारी एखादी असेल, तिला आज हाक मारा.

ताईंनी शेवटी एकच विचारलं, "त्या मोठ्या पंगतीत माझा मुलगा माझ्याशेजारी बसेल का?" मी म्हटलं, बहुधा नाही, तो तेव्हा आत कामावर असेल. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग मी नक्की जाते. त्यानं रांधलेलं कुणीतरी त्याच्या घरचं माणूस तिथं बसून जेवायला हवं."

पुन्हा भेटू. नमस्कार.